एक पद, चार उमेदवार: पसंतीक्रमानं मतदान घ्यावं का, आणि घेतलं तर मोजायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सुमारे चारशे सभासदांची संस्था, अध्यक्षपद एक, उमेदवार चार. मागच्या वेळी निवडून आलेल्याला ३६ टक्के मतं होती आणि उरलेले लोक पूर्ण मुदतभर "आम्ही कुठं याला निवडलं होतं?" म्हणत राहिले. आता कुणी सुचवलंय की मतपत्रिकेवर एकाच नावापुढं खूण करण्याऐवजी १, २, ३ अशी पसंती लिहून घ्या. हे खरंच बरं, की नसती गुंतागुंत? हातानं मोजता येईल का? कार्यकारिणीच्या सात जागांनाही हेच लावावं का? आणि येत्या सभेतच हे करून टाकता येईल का?

अध्यक्षपदासाठी जरूर घ्या. सात जागांसाठी हीच पद्धत जशीच्या तशी मुळीच लावू नका. हाताची मोजणी चारशे मतांना अवघड नाही. अवघड असतात ते नियम, आणि ते मतपेटी उघडण्याआधी लिहून ठेवले नाहीत तर जुनी पद्धतच बरी होती असं वाटायला लागेल. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देतो, कारण ते मोजणी समजल्याशिवाय पटणार नाही.

आधी दुखणं नेमकं कुठं आहे ते पाहू. ३६ टक्क्यांत निवडून येणं हे लक्षण आहे, रोग नव्हे. चौघांत एखादा खरोखरच सगळ्यांना चालणारा असेल आणि त्याला ३६ टक्के पडले असतील तर कुणी फारशी कुरकुर करत नाही. रोग आहे मतविभागणीचा. एकाच विचाराचे दोघं उभे राहिले की ते एकमेकांना पाडतात आणि तिसरा, ज्याला बहुसंख्यांचा विरोध आहे तो, मधून निघून जातो. मग पुढच्या वेळी निवडणुकीआधीच "तू माघार घे, नाहीतर दोघंही पडू" ही बोलणी सुरू होतात. विरोधकांच्या गोटातून मतं खायला कुणाला तरी उभं केलं जातं. आणि मतदार आपल्याला कोण हवं हा विचार सोडून, निवडून येण्यासारखा कोण याचे अंदाज बांधत बसतो. पसंतीक्रमाची बाजू मी घेतो ती यासाठी. अंदाज बांधण्याचं ओझं ही पद्धत मतदाराच्या डोक्यावरून बरंचसं उतरवते. ती प्रत्येक वेळी बहुमताचा अध्यक्ष देते असं मात्र मी म्हणणार नाही. का, ते पुढं येईल.

ऑस्ट्रेलियात ही पद्धत आली ती याच दुखण्यातून. ऑक्टोबर १९१८ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या स्वान मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. मजूर पक्षाविरुद्धची मतं सत्ताधारी नॅशनॅलिस्ट आणि शेतकऱ्यांचे उमेदवार यांच्यात फुटली, आणि मजूर पक्षाचा एडविन कॉर्बॉय सुमारे ३४ टक्के मतांवर निवडून आला. सरकारनं काही आठवड्यांत कायदा बदलला. डिसेंबरमधल्या कोरंगामाइटच्या पोटनिवडणुकीत मजूर पक्षाचे जेम्स स्कलिन पहिल्या पसंतीत सर्वांत पुढे होते, पण बाकीच्यांची पुढची मतं एकवटली आणि शेतकरी संघटनेचा विल्यम गिब्सन जिंकला. ही सुधारणा कुणा सज्जनाला सुचली म्हणून आली नाही, हे ध्यानात ठेवा. सत्ताधाऱ्यांच्या जागा जायला लागल्या म्हणून आली. तुमच्याकडेही ही सूचना कोणत्या गटाकडून आलीय हे लोक विचारणारच. विचारू द्या. पद्धतीचा गुणदोष त्यावर ठरत नाही.

आपल्याकडेही हे नवीन नाही. राष्ट्रपतींची निवडणूक, राज्यसभेची निवडणूक, विधान परिषदेचे पदवीधर मतदारसंघ, सगळीकडे पसंतीक्रमच लिहितात. राष्ट्रपतिपदासाठी दुसऱ्या पसंतीची मतं मोजायची वेळ मात्र एकदाच आली, १९६९ साली. पहिल्या पसंतीत व्ही. व्ही. गिरी ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डी ३,१३,५४८ आणि चिंतामणराव देशमुख १,१२,७६९. हवी होती ४,१८,१६९. खालचे उमेदवार बाद होत गेले, देशमुखांच्या मतपत्रिकांवरची बरीच मतं रेड्डींकडे वळली, तरी गिरी ४,२०,०७७ वर पोचले आणि रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. म्हणजे आधी पुढे असलेलाच जिंकला. बहुतेक वेळा असंच होतं, त्यामुळे "या पद्धतीत निकाल उलटे लागतात" ही भीती अवास्तव आहे. उलटतात ते कधीमधी. आयर्लंडमध्ये १९९० साली ब्रायन लेनिहन ४४ टक्के आणि मेरी रॉबिन्सन ३९ टक्के अशी पहिली फेरी होती. तिसरा उमेदवार बाद झाल्यावर त्याची मतं मोठ्या प्रमाणात रॉबिन्सन यांच्याकडे गेली आणि त्या राष्ट्राध्यक्ष झाल्या.

आता मोजणी. तुमच्या ३६ टक्क्यांशी जुळतील असेच आकडे घेतो. समजा ३८० वैध मतपत्रिका निघाल्या. पहिल्या पसंतीचे गठ्ठे लावले: अ १३७, ब १०४, क ८८, ड ५१. निम्म्याहून एक जास्त म्हणजे १९१. तेवढी कुणालाच नाहीत. मग सर्वांत कमी मतं असलेला ड बाद. त्याच्या ५१ मतपत्रिका उघडून दुसरी पसंती पाहायची: अ ला ६, ब ला १२, क ला २९, आणि ४ मतपत्रिकांवर १ च्या पुढं काहीच लिहिलेलं नाही. त्या चार संपल्या. त्यांचा वेगळा गठ्ठा. आता अ १४३, ब ११६, क ११७, संपलेल्या ४. बेरीज ३८०. प्रत्येक फेरीनंतर ही बेरीज मोठ्यानं वाचायची. ती ३८० आली नाही तर पुढचा गठ्ठा सोडायचाच नाही.

दुसऱ्या फेरीत सर्वांत खाली ब आहे, एका मतानं. त्याच्या ११६ मतपत्रिकांवर आता "अजून रिंगणात असलेल्यांपैकी पुढची पसंती कोण" हे पाहायचं. इथं नवख्या मोजणाऱ्यांची हमखास चूक होते. ज्या मतपत्रिकेवर ब १, ड २, क ३ असं आहे, ती ड च्या नावावर अडकत नाही. ड आधीच बाद झालाय, म्हणून ती सरळ क ला जाते. तशीच ड कडून ब कडे आलेल्या १२ मतपत्रिकांवर दुसरी नव्हे तर तिसरी पसंती पाहायची. समजा या ११६ पैकी ७१ क ला, ३३ अ ला गेल्या आणि १२ संपल्या. अखेर: अ १७६, क १८८, संपलेल्या १६. क निवडून आला.

या छोट्या उदाहरणात तीन गोष्टी दडलेल्या आहेत. पहिली, जुन्या पद्धतीनं अ जिंकला असता. दुसरी, घाई करून खालचे दोघं, क आणि ड, एकदमच काढले असते तर शेवटी जिंकणारा उमेदवार पहिल्याच फेरीत घरी गेला असता. तळातल्या दोघांना एकत्र काढायचं असेल तर दोघांच्या मतांची बेरीज त्यांच्या लगेच वरच्या उमेदवारापेक्षा कमी असली पाहिजे. इथं ८८ आणि ५१ मिळून १३९ होतात, ब च्या १०४ पेक्षा जास्त. तिसरी सगळ्यांत महत्त्वाची: सगळी निवडणूक ११६ विरुद्ध ११७ या एका मतावर फिरली, आणि ती चुरस पहिल्या क्रमांकाची नव्हती, दुसऱ्या-तिसऱ्याची होती. तिथं क बाद झाला असता तर शेवटची लढत अ विरुद्ध ब झाली असती आणि निकाल काहीही लागला असता. म्हणून फेरमोजणीचा हक्क फक्त अंतिम फरकावर ठेवू नका. कोणत्याही फेरीत बाद होणारा आणि त्याच्या वरचा यांच्यात, समजा, ५ किंवा कमी मतांचा फरक असेल तर ते दोन गठ्ठे तिथंच पुन्हा मोजायचे, असं लिहून ठेवा.

आता बहुमताचं. क ला १८८ मतं मिळाली. शेवटच्या फेरीतल्या ३६४ मतांपैकी ती ५१.६ टक्के. पण मुळात वैध मतं ३८० होती, आणि १८८ हे त्याचं निम्मंसुद्धा नाही. "अर्ध्याहून जास्त मतदारांचा पाठिंबा" हे वाक्य त्यामुळे सांभाळून वापरावं. मोठ्या प्रमाणावर हे पाहायचं तर श्रीलंकेची २०२४ ची अध्यक्षीय निवडणूक पाहा. तिथं तीन पसंती देता येतात, आणि कुणालाच निम्म्याहून जास्त मिळाली नाहीत तर पहिले दोघं सोडून सगळे एकदमच बाद होतात. अनुरा कुमारा दिसानायके यांना पहिल्या मोजणीत ४२.३ टक्के होते. बाद झालेल्यांच्या ३३ लाखांवर मतपत्रिका होत्या. त्यांतल्या जेमतेम पावणेतीन लाखांवर उरलेल्या दोघांपैकी कुणाला पसंती होती. दिसानायके अध्यक्ष झाले, पण एकूण वैध मतांच्या सुमारे ४३ टक्क्यांवरच. लोकांनी पुढची पसंती लिहिलीच नाही तर पद्धत हवेतून बहुमत आणू शकत नाही.

लोक पुढची पसंती का लिहीत नाहीत? एक तर सवय नसते. दुसरं म्हणजे प्रत्येक उमेदवाराचे कार्यकर्ते कानात सांगतात, "फक्त १ लिही, २ लिहिलंस तर आपल्याच माणसाचं नुकसान." हे साफ चुकीचं आहे आणि मतदानाआधी सगळ्यांसमोर सांगायला हवं. तुमचा पहिला उमेदवार रिंगणात आहे तोवर तुमची दुसरी पसंती कुणी पाहतसुद्धा नाही. तो बाद झाल्यावरच ती उघडते. म्हणून २ लिहिल्यानं १ ला धक्का लागूच शकत नाही. न लिहिल्यानं मात्र तुमची मतपत्रिका संपते आणि शेवटचा निर्णय इतरांच्या हाती जातो.

याउलट, सगळ्या नावांपुढं क्रम लिहिणं सक्तीचं करावं का? ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधिगृहासाठी ते सक्तीचं आहे. तिथं मतपत्रिका संपत नाहीत, पण दर निवडणुकीत साधारण ५ टक्के मतं अवैध ठरतात. एक आकडा चुकला की सगळंच मत गेलं. छोट्या संस्थेत सक्ती करू नका. १ लिहिणं पुरेसं, पुढचं ऐच्छिक, पण लिहा असा आग्रह धरा.

पद्धतीची खरी कमजोरी वेगळीच आहे आणि तिचा पुरस्कार करणारे ती सहसा सांगत नाहीत. सगळ्यांना दुसऱ्या क्रमांकाला चालेल असा, पण पहिल्या क्रमांकाला फार थोड्यांना हवा असलेला मधला उमेदवार या पद्धतीत लवकर गळतो. अमेरिकेतल्या अलास्का राज्यात ऑगस्ट २०२२ मध्ये, अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या पोटनिवडणुकीत, पहिल्यांदा ही पद्धत वापरली. मेरी पेल्टोला ७५,७९९, सारा पेलिन ५८,९७३, निक बेगिच ५३,८१०. बेगिच बाद. त्यांच्या मतपत्रिकांपैकी २७,०५३ पेलिनकडे, १५,४६७ पेल्टोलाकडे गेल्या आणि ११,२९० संपल्या. पेल्टोला ९१,२६६ विरुद्ध ८६,०२६ अशा जिंकल्या. नंतर सगळ्या मतपत्रिकांची नोंद प्रसिद्ध झाली तेव्हा दिसलं की बेगिच यांची समोरासमोर लढत लावली तर ते पेलिनलाही हरवत होते आणि पेल्टोलालाही. म्हणजे दोघांनाही हरवू शकणारा माणूस तिसरा आला म्हणून गेला. आणखी विचित्र भाग असा की पेलिन १, बेगिच २ असं मत देणाऱ्यांपैकी सहा-एक हजार जण घरीच बसले असते तर पेलिन बाद झाल्या असत्या आणि बेगिच, म्हणजे त्या मतदारांचीच दुसरी पसंती, जिंकले असते. अमेरिकेतल्याच व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टन शहरात २००९ च्या महापौर निवडणुकीतही असंच घडलं होतं, आणि पुढच्याच वर्षी तिथल्या मतदारांनी पद्धत रद्द केली.

मग तरीही मी ही पद्धत का सुचवतो? कारण असं क्वचित घडतं, आणि घडायला तीन तुल्यबळ उमेदवार लागतात. साध्या पद्धतीत मतविभागणी दर निवडणुकीत होऊ शकते, तिला तुल्यबळ कुणी लागत नाही. चार-पाच टक्के मतं खाणारा एक पुरतो. शिवाय कोणत्याही पद्धतीत काहीतरी खोट राहतेच, हे अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरोनं १९५१ सालीच गणितानं दाखवलंय. प्रश्न फक्त कोणती खोट परवडते हा. तुमच्या संस्थेत दोन कडवे गट आणि मध्ये एक सर्वमान्य पण फारसा लाडका नसलेला माणूस, अशी स्थिती असेल तर मात्र मोजणीनंतर समोरासमोरचा तक्ता करून घ्या. चार उमेदवारांच्या सहाच जोड्या होतात. प्रत्येक मतपत्रिकेवर जोडीतला कोण वर आहे एवढंच मोजायचं. कुणी एक जण बाकी तिघांनाही हरवत असेल तर तोच विजयी, असा नियमही करता येतो. पण तो मोजणीआधी करायचा. मोजणीनंतर असा तक्ता काढून निकालाला आव्हान देणं म्हणजे निव्वळ भांडण.

मतपत्रिकेबद्दल आता बारीकसारीक, कारण गोंधळ बहुतेक इथूनच सुरू होतो. नावापुढं एकच चौकट ठेवा आणि त्यात आकडा लिहायला सांगा. टिकमार्क, फुली, "एक" असं अक्षरी लिहिणं चालणार नाही. आपल्या विधान परिषदेच्या आणि राज्यसभेच्या निवडणुकांतही आकडाच लागतो, अक्षरी पसंती चालत नाही. मग तो आकडा १ असो, 1 असो की रोमन असो. सगळ्यांना एकाच रंगाचं, एकाच प्रकारचं पेन द्या आणि ते मतदानाच्या जागीच ठेवा. त्या निवडणुकांत जांभळं स्केच पेन देतात ते उगाच नाही. मतपत्रिका वेगळी ओळखू येऊ नये म्हणून.

अवैध काय ते स्पष्ट लिहा. १ नसेल, १ दोन नावांपुढं असेल, एकाच नावापुढं १ आणि आणखी एखादा आकडा असेल, किंवा सही, नाव, खूण असेल तर मत बाद. चूक पुढच्या पसंतीत असेल, म्हणजे दोनदा २ असेल किंवा १ नंतर थेट ३ असेल, तर मत बाद करू नका. पहिली पसंती धरा आणि चुकीच्या जागेपाशी मतपत्रिका संपली असं माना. १ नंतर ३ ला २ समजून पुढं न्यायची पद्धतही काही ठिकाणी आहे. दोन्ही चालतात, एक निवडा आणि छापा.

नावांच्या क्रमाचं एक दुखणं आहे. ज्यांना फारसा फरक पडत नाही ते लोक वरून खाली १, २, ३, ४ लिहीत जातात. ऑस्ट्रेलियात याला गाढवाचं मत म्हणतात, आणि टास्मानियात त्यावर तोड म्हणून मतपत्रिकांवर नावांचा क्रम फिरवून छापतात. चार उमेदवारांना चार छपाया पुरेत, प्रत्येकीत एक नाव वर.

गुप्ततेची एक भानगड बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. चार उमेदवारांत अर्थानं वेगळे पसंतीक्रम ४० च होतात, त्यामुळे ३८० मतपत्रिकांत कुणाची ओळखू येणार नाही. पण आठ उमेदवार असतील तर पूर्ण क्रमच ४०,३२० होतात. मग कुणी एखाद्याला पैसे देऊन सांगू शकतो, "आमचा १, मग शेवटून दुसरा २, मग असा, मग तसा," आणि मोजणीच्या टेबलावर तो क्रम दिसतो का ते पाहू शकतो. म्हणून उमेदवार पाचांहून जास्त असतील तर पसंती तीनपर्यंतच ठेवा, आणि मोजणी प्रतिनिधींना प्रत्येक मतपत्रिका हाताळू देऊ नका. याची किंमतही सांगतो: पसंती कमी ठेवल्या की मतपत्रिका जास्त संपतात. डेमोक्रॅटिक पक्षाचा महापौरपदाचा उमेदवार ठरवण्यासाठी न्यूयॉर्क शहरात २०२१ मध्ये झालेल्या निवडणुकीत १३ उमेदवार होते आणि पाचच पसंती देता येत होत्या. एरिक ॲडम्स ७,१९७ मतांनी जिंकले, आणि शेवटच्या फेरीपर्यंत संपलेल्या मतपत्रिका सुमारे १ लाख ४० हजार होत्या.

त्याच निवडणुकीतली दुसरी चूक तुम्हाला उपयोगी पडेल. प्राथमिक आकडे जाहीर झाले आणि काही तासांत मागे घ्यावे लागले, कारण संगणकातली चाचणीची सुमारे १ लाख ३५ हजार मतं पुसायची राहून गेली होती. तुम्ही तक्त्यात मतं भरणार असाल तर सराव वेगळ्या फाइलीत करा, आणि खरी फाइल सुरू करताना पहिली ओळ रिकामी आहे हे दोघांनी पाहून सही करा. मी तरी चारशे मतांना कागदी गठ्ठेच सुचवेन. एक जण मतपत्रिका वाचतो, दुसरा पाहतो, तिसरा गठ्ठ्यात ठेवतो, चौथा लिहितो. २५-२५ चे गड्डे बांधा. बाद उमेदवाराकडून आलेल्या मतपत्रिका नव्या मालकाच्या मूळ गठ्ठ्यात मिसळायच्या नाहीत. "ड कडून, दुसरी फेरी" अशी चिठ्ठी लावून त्यावर आडव्या ठेवायच्या. फेरमोजणीची मागणी झाली की हीच चिठ्ठी तुमची इज्जत वाचवते.

मतदान दोन-तीन ठिकाणी होणार असेल तर प्रत्येक ठिकाणचा निकाल वेगळा लावून बेरीज करता येत नाही, हेही पक्कं समजून घ्या. कोण बाद हे सगळ्या मतांवर ठरतं. सगळ्या पेट्या एकाच टेबलावर याव्या लागतात, आणि टपालानं येणाऱ्या मतांची मुदत संपल्याशिवाय पहिला उमेदवारसुद्धा बाद करता येत नाही. साध्या पद्धतीच्या तुलनेत ही खरी अडचण आहे.

बरोबरी झाली तर? तळाच्या दोघांना सारखी मतं असतील तर ज्याला पहिल्या पसंतीची मतं कमी तो बाद. तिथंही सारखी असतील तर चिठ्ठी टाकायची. हा नियम आधी लिहिलेला नसेल तर त्या क्षणी दोन्ही बाजूंना आपापला नियम सुचतो.

आता सात जागांचं. एकाच पदाची ही पद्धत सात वेळा फिरवली तर ५१ टक्क्यांचा गट सातही जागा घेऊन जातो. ऑस्ट्रेलियाच्या सिनेटसाठी १९१९ ते १९४६ असंच चालायचं, आणि शेवटी १९४६ च्या निवडणुकीनंतर ३६ पैकी ३३ सदस्य एकाच पक्षाचे झाले. पुढच्याच निवडणुकीपासून, १९४९ मध्ये, त्यांनी प्रमाणशीर पद्धत आणली. अनेक जागांना तीच हवी, म्हणजे राज्यसभेसारखं एकल संक्रमणीय मत. मतपत्रिका तशीच, मतदार एकदाच पसंती लिहितो, पण जिंकायला निम्मी मतं लागत नाहीत, कोटा लागतो: वैध मतांना जागा अधिक एकनं भागायचं, अपूर्णांक सोडायचा, एक मिळवायचा. ३८० मतं, सात जागा: ३८० भागिले ८ म्हणजे ४७, अधिक १, कोटा ४८. एखाद्याला ६० मिळाली तर वरची १२ फुकट जाऊ नयेत म्हणून पुढच्या पसंतीकडे जातात. साठांतली कोणती १२ हा वाद टाळायला साठही मतपत्रिका पाचव्या हिश्शाच्या किमतीनं पुढं पाठवतात. राज्यसभेच्या मोजणीत प्रत्येक मतपत्रिकेची किंमत १०० धरतात ती अपूर्णांकांचा हा त्रास टाळण्यासाठी. ही मोजणी खरंच किचकट आहे, ती आधी शंभरेक कोऱ्या कागदांवर करून पाहा. जमत नाही असं वाटलं तर कार्यकारिणी तूर्त जुन्याच पद्धतीनं निवडा.

आणखी एक. तुमचे बहुतेक सभासद एकाच वेळी एका सभागृहात हजर असणार असतील, तर पसंतीक्रमापेक्षा फेरमतदान बरं. पहिलं मतदान, तळाचा उमेदवार बाद, पुन्हा मतदान. लोकांना पहिल्या फेरीचा निकाल पाहून विचार बदलता येतो आणि कागदी मोजणी सोपी राहते. पसंतीक्रमाचा फायदा आहे तो पुन्हा पुन्हा जमणं शक्य नसतं तेव्हा. आणि उमेदवार दोनच उरले तर यातलं काहीच नको.

येत्या सभेतच हे करता येईल का, याचं उत्तर तुमच्या पोटनियमांत आहे. तिथं "सर्वाधिक मते मिळवणारा निवडून आला असे मानले जाईल" असं असेल, तर वरच्या उदाहरणात कायद्यानं अ निवडून येतो; क ला विजयी ठरवलंत तर अ ची तक्रार टिकेल. तिथं "वैध मतांच्या निम्म्याहून अधिक" असं असेल तरी १८८ मतांचा क अडकतो, कारण त्याला १९१ हवी होती. आधी पोटनियम दुरुस्त करा, ती दुरुस्ती ज्या कार्यालयाकडून मंजूर व्हावी लागते तिथून करून घ्या, आणि शब्द असे ठेवा: "अंतिम फेरीत रिंगणात उरलेल्या उमेदवारांना मिळालेल्या मतांपैकी निम्म्याहून अधिक." हे उमेदवारी अर्ज मागवण्याआधी झालं पाहिजे. अर्ज आल्यावर केलेल्या नियमबदलात प्रत्येकाला फक्त आपलं नाव दिसतं.